तिसरी लाईन सुग्रीवच्या दुकानात

इरमचं कामच असं होतं की माणूस हळूहळू संशयी होत जातो. कुठलीही गोष्ट सुरळीत चाललेली दिसली की तिला पहिला प्रश्न पडायचा, ही बंद कशानं पडेल? पुण्याच्या एका कंपनीसाठी ती अंबाजोगाईतल्या घरात बसून औषधांच्या थंड गाड्यांवर नजर ठेवायची. इन्सुलिन, लशी असला नाजूक माल घेऊन राज्यभर गाड्या पळायच्या आणि तिच्या स्क्रीनवर हिरवे ठिपके होऊन सरकायच्या. एखाद्या गाडीतला गारवा कमी झाला की ठिपका लाल. मग ड्रायव्हरला फोन करायचा, जवळचं शीतगृह गाठून द्यायचं, माल वाचवायचा. घोडं कुठं पेंड खाणार हे आधीच ओळखायचा तिला पगार मिळायचा.

ही विद्या ती घरीही चालवायची, आणि तिथं तिचं गिऱ्हाईक एकच होतं. तिचे अब्बा, कासमभाई. बसस्टँडजवळ त्यांचा फळांचा गाडा. जन्मभर लोकांना गोड विकलं आणि शेवटी साखर त्यांच्याच रक्तात येऊन बसली. अम्मी, बीबीजान, होती तोवर तिच्या एका नजरेवर अब्बांचा हात बर्फीवरून मागे यायचा. ती गेली आणि अब्बांना रान मोकळं झालं. पुढच्याच उन्हाळ्यात ते गाड्यापाशी चक्कर येऊन पडले. पायाच्या अंगठ्याला लागलेलं बरं होईना, आणि डॉक्टर अंगठ्याबद्दल असं बोलायला लागले की जणू तो कुणी दूरचा नातेवाईक आहे, राहिला तर राहिला. इरमनं पुण्याची खोली सोडली, लॅपटॉप काखेत मारला आणि घर गाठलं.

आल्या आल्या तिनं अब्बांचा पुरवठा तोडायला घेतला. आधी रसवंती बंद केली. मग बेकरी. मग स्टँडवरचा चहावाला, जो अब्बांच्या कपात साखर घालत नव्हता तर साखरेत चहा घालत होता. प्रत्येकाला तिनं एकच सांगितलं, "अब्बांला गोड दिलं तर मी तुमच्या दारात येऊन बसीन, अन गिऱ्हाइकाला त्यांचा अंगठा दावीन." दुकानदार घाबरले. अंगठा बरा झाला. पण साखर काही म्हणावी तशी खाली येईना. कुठून तरी माल चालू होता.

"टेन्शननं वाढती," अब्बा म्हणायचे. "डॉक्टरच म्हणले."

"कुठला डॉक्टर?"

"हाय एक."

अशात पुण्याहून करिष्मा मॅडमचा फोन आला. करिष्मा इरमची साहेब, वयानं तिच्याएवढीच, मनानं वाईट नाही, पण प्रत्येक वाक्यात 'रिस्क' हा शब्द घातल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. ती म्हणाली, "तुझं काम चोख आहे. पण तुझ्या गावच्या नेटची रिस्क कंपनीनं कशी घ्यायची? आपण परीक्षा घेऊ." परीक्षा अशी, की मे महिन्यातल्या एका गुरुवारी पुण्याची सगळी यंत्रणा मुद्दाम बंद करायची आणि अकरा ते एक राज्यभरच्या गाड्या एकट्या इरमच्या हाती द्यायच्या. त्यात अर्धा तास जरी तिची स्क्रीन आंधळी झाली, तर जूनपासून तिनं पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. नाहीतर नोकरी सोडायची, आणि या घरात नोकरी सोडून चालण्यासारखं नव्हतं.

पुण्याला इरम भीत नव्हती. ती भीत होती अब्बांच्या पायाला. आपण गेलो की रसवंती, बेकरी, चहावाला, सगळे पुन्हा सुरू होणार आणि दिवाळीपर्यंत अब्बा कुबड्यांवर येणार, हे तिला स्क्रीनवर दिसावं इतकं स्वच्छ दिसत होतं.

मग तिनं तयारी केली ती अशी. घरात नेटच्या दोन लाईनी घेतल्या, एक अशफाकची, एक रामेश्वरची. गावात नेटवाले बरेच, पण हे दोघं तिनं मुद्दाम निवडले, कारण दोघांतून विस्तव जात नव्हता. केबल टीव्हीच्या काळापासूनचं भांडण. अशफाक भर चौकात रामेश्वरच्या नेटला डबडं म्हणायचा आणि रामेश्वर अशफाकच्या बापाच्या रेडिओ दुकानापर्यंत उखाळ्यापाखाळ्या काढायचा. इरमला हेच हवं होतं. भांडणारी माणसं एकमेकांचं काही वापरत नाहीत, तेव्हा एकाची लाईन मेली तरी दुसऱ्याची जिवंत राहणार. अशफाकची यायची केज रस्त्यानं, रामेश्वरची परळी रस्त्यानं. रस्तेसुद्धा एकमेकांकडे पाठ करून.

तिनं तपासणीही केली. अशफाकची वायर उपटली, रामेश्वरचं नेट चालू. रामेश्वरची उपटली, अशफाकचं चालू. वर इन्व्हर्टर, आणि अगदीच पाळी आली तर मोबाईल. करिष्मानं व्हिडिओवर हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "वा, तू तर किल्ला बांधलास." इरमला बरं वाटलं. माणसाला असं बरं वाटलं की समजावं, काहीतरी राहिलंय.

गुरुवारी अकरा वाजता पुणं बंद झालं आणि सगळे ठिपके इरमच्या स्क्रीनवर आले. तासभर सगळं सुतासारखं सरळ चाललं. मग ठिपके जागच्या जागी थांबले. इरमनं दुसऱ्या लाईनीवर उडी मारली. तिथंही शुकशुकाट. दोन्ही डब्यांवरचे दिवे एकदमच लाल झाले होते. तिनं मोबाईल काढला, तर त्यावरचं चाक नुसतं गरगर फिरत होतं. निम्म्या गावाचं नेट गेलं होतं आणि ते निम्मं गाव त्याच क्षणी मोबाईलवर तुटून पडलं होतं. टॉवर बिचारा किती जणांना पुरणार?

अशफाकला फोन मात्र लागला. "आपा, केज रोडला हाय. वायर तुटली," एवढं बोलून त्यानं ठेवला. इरम लॅपटॉपची पिशवी गळ्यात अडकवून स्कुटीवरून सुटली.

केज रस्त्याला मोठं लिंबाचं झाड होतं. त्याच्या अर्ध्या फांद्या जमिनीवर, त्यावर शेरडांचा कळप, आणि शेजारी लांब काठीला विळा बांधून उभा असलेला नांदूरघाटकडचा धुळाजी. उन्हाळ्यात रानात काही उरत नाही, तेव्हा धुळाजी दर वर्षी या लिंबाचा पाला पाडून शेरडांना घालायचा. त्याचा आजाही घालायचा. मधल्या काळात कुणीतरी त्या फांद्यांतून निम्म्या गावाचं नेट नेलं होतं, ते त्याला विचारून नेलं नव्हतं. शेरडाचं एक पाटरू वायरीचं टोक चघळत होतं.

"मला काय ठावं वायर हाय," धुळाजी म्हणाला. "काळी दोरी दिसली. म्हणलं असंल कुणाची."

पण इरमचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. झाडाला शिडी लावली होती. शिडीवर अशफाक होता. आणि खाली, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, "सावकाश रे, पाय बघून टाक," असं मायेनं सांगणारा रामेश्वर होता.

इरम दोघांकडे बघत राहिली. "रामेश्वरदादा, तुमची लाईन तर परळी रस्त्यानं येती ना?"

रामेश्वरनं मान खाली घातली. "येत होती. रस्ता रुंद करताना मशीननं उपटली, संक्रांतीच्या सुमाराला. तवापासून ह्यानंच दिली आपल्यातली. तात्पुरती."

"म्हंजे दोन्ही लाईनी एकच हायती?"

"तसं म्हणलं तर तसं."

"अन मग चौकात शिव्या कावून देता एकमेकांला?"

उत्तर शिडीवरून आलं. "गिऱ्हाइकासाठी, आपा. आमी मिळून हाय म्हणलं तर दोन-दोन लाईनी कोण घेईल?"

दोघांचं पितळ असं उघडं पडलं, पण ते बघून हसायला इरमपाशी वेळ नव्हता. ज्या भांडणावर तिनं किल्ला बांधला होता ते भांडणच खोटं होतं. घरात बसून तिनं हजारदा वायरी उपटल्या असत्या तरी कळलं नसतं, कारण घोडं घरात नाही, या लिंबाखाली पेंड खात होतं. वायर जोडायचं मशीन धर्मापुरीला गेलं होतं. यायला दुपार होणार होती.

ती रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. तेवढ्यात अब्बांची जुनी लुना फटफटत आली. स्टँडवर बातम्यांना नेट लागत नाही.

"अब्बा, गेलं समदं," इरम म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं. "आता जावं लागतंय पुण्याला."

अब्बांनी शेरडांकडे बघितलं. झाडाकडे बघितलं. मग नुसतेच आभाळाकडे बघत राहिले. पेटीतल्या तळाच्या आंब्याबद्दल गिऱ्हाइकानं थेट विचारलं की त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"चल, माझ्या मागं ये," शेवटी ते म्हणाले.

"कुठं?"

"चल म्हणलं ना."

मेडिकल कॉलेजच्या मागच्या गल्लीत सुग्रीवचं जिलेबीचं दुकान होतं. अब्बा पायरी चढले तसा कढईवरची नजर न काढता सुग्रीव म्हणाला, "या काका. आज लवकर? बसा आत, नेहमीची कडक काढतो." मग त्यानं वर बघितलं, मागची इरम दिसली, आणि त्याचा झारा हवेतच राहिला.

आतल्या खोलीत पंख्याखाली एक खुर्ची होती, गादी घातलेली. शेजारच्या खुंटीला अब्बांची टोपी लटकत होती. मागच्या रमजानला हरवलेली. ती टोपी शोधायला इरमनं अख्खं घर पालथं घातलं होतं.

"नेट हाय का हितं?" तिनं विचारलं. आवळलेले दात ओठांआड होते म्हणून बरं.

"वरच्या मजल्यावरच्या क्लासचं हाय ताई," सुग्रीव चाचरत म्हणाला. "लातूरकडून येतंय. हॉस्टेलची पोरं मॅच बघतेत."

अब्बा फरशीकडे बघत पुटपुटले, "लाईट जाऊ दे, वादळ येऊ दे, हितली मॅच कधी थांबली न्हाई. दीड वर्षात एकदाबी न्हाई."

इरमनं लॅपटॉप उघडला. ठिपके आले, आणि अर्धा तास भरायला अजून अवकाश होता. मांजरसुंब्यापाशी एक ठिपका लाल झाला होता, इन्सुलिनची गाडी. इरमनं ड्रायव्हरला गाठलं, बीडच्या शीतगृहाला उठवलं, गाडी तिकडं वळवली. ठिपका हिरवा होईपर्यंत तिनं श्वाससुद्धा बेतानं घेतला. तेवढ्यातही तिचा एक डोळा अब्बांवर होता. ते दाराशी उभे होते, गुन्हेगारासारखे. खुर्ची त्यांनी तिला दिली होती.

एक वाजता करिष्माचा फोन आला. "थोडक्यात वाचलीस. पण ही तिसरी लाईन तू मला सांगितली नव्हतीस. तपासलेली आहे का?"

"दीड वर्ष. रोज. उन्हाळा, पावसाळा, सगळ्यात."

"कोणी तपासली?"

इरमनं दाराकडे बघितलं. "आहे आमचा एक माणूस इथं."

"मग त्यालाच ठेव त्या लाईनीवर. आणि तूही राहा तिथंच," करिष्मा म्हणाली.

संध्याकाळी जेवायला वाढताना इरम भांडी जरा आपटतच होती. "आता दुसरं ठिकाण सांगा."

"दुसरं न्हाई."

"अब्बा, मी हाच धंदा करते. सुग्रीवचं इतक्या लौकर दावलं, म्हंजे मागं अजून एक राखून ठेवलंय. माणूस शेवटची लाईन कधी दावत न्हाई."

अब्बांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "समद्या तूच बंद केल्यास की, बेटा. रसवंती, बेकरी, चहा. हे एकच राहिलं होतं." मग जरा थांबून म्हणाले, "तू पुण्याला जाणार म्हणलीस."

आयुष्यात पहिल्यांदा इरमनं एखादी गोष्ट न तपासता खरी मानली. राग होता, तो कुठं ठेवावा कळेना. ती नुसतीच उठली आणि तव्यावरची भाकरी उलटली, जी आधीच उलटून झाली होती.

पुढच्या आठवड्यात परळी रस्त्यानं रामेश्वरनं खरी लाईन टाकली. ती टाकताना इरम स्वतः उभी राहून बघत होती आणि वर दोघांनाही चौकातली नाटकं बंद करायला लावली. धुळाजीला दुसरा लिंब दाखवला, तर तो म्हणाला, शेरडांना हाच गोड लागतो. मग अशफाकनंच वायर खांबावर नेली. आणि तिसरी लाईन दर शुक्रवारी नमाजनंतर तपासायची, आपण आणि 'त्या माणसानं' मिळून, असं तिनं करिष्माला कळवलं. करिष्मानं तिच्या दक्षतेचं कौतुक केलं.

पहिल्या शुक्रवारी सुग्रीवनं बशी पुढे ठेवली. इरमनं जिलेबीचे दोन तुकडे केले. मोठ्या तुकड्याचे पुन्हा दोन केले. त्यातलाही लहान तिनं अब्बांच्या हातावर ठेवला.

अब्बांनी तो उलटासुलटा करून बघितला. "एवढ्यानं काय लाईन तपासती व्हय?"

"तपासती, अब्बा," इरम म्हणाली. "चालू हाय का, तेवढंच बघायचं असतंय."