काश्यपगोत्री लॉर्ड थॅडियस

माझी मुलगी स्वराली फार्मसीतली चांगली नोकरी सोडून कॉमिक काढते. त्यातला लॉर्ड थॅडियस तीनशे वर्षांपूर्वी मेलाय. तळघरात राहतो, काळा झगा घालतो आणि दुष्टांना शवपेटीत कोंबतो. चांगल्या माणसांशीही धड बोलत नाही. दारात कुणी आलं की 'निघा' म्हणतो, आणि लोक खरंच निघतात. हे भूत एकदाचं जाऊ दे आणि पोरगी मार्गाला लागू दे, असं दोन वर्षं मी लंडनमधल्या आमच्या एजवेअरभर सांगत होते.

माझ्या सासूबाईंनी भिंग घेऊन सगळे अंक पाहिले आणि त्यांना त्याची दया आली. मागे करणारं कुणी नाही म्हणून भटकतोय बिचारा, असं त्यांचं मत पडलं. सर्वपित्रीला त्याचंही पान वाढायचं ठरलं. लीड्सच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळणारे हरीश गुरुजी लंच ब्रेकमध्ये फोनच्या पडद्यावर आले. त्यांनी गोत्र विचारलं. माहीत नाही म्हटल्यावर रीतीप्रमाणे काश्यप धरलं, आणि माझ्या नवऱ्याने, मोहनने, लॉर्डसाहेबांना गंभीर चेहऱ्याने तीळपाणी सोडलं.

मग स्वरालीने आजीचा हात धरला. "आजी, कावळा आली आणि खाल्ली, तर तो फ्री. मग मी सीरीज बंद करणार. प्रॉमिस."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण प्रत्येक अंक मी बाथरूमची कडी लावून वाचते, हे कुणालाच माहीत नाही. एकोणतीस वर्षं मी या घरात 'बसा हो, चहा घेऊनच जा' म्हणतेय. अवधूतभावजी जूनमध्ये चार दिवसांसाठी आले ते ऑगस्टपर्यंत राहिले, आणि मी रोज त्यांना विचारत होते, उद्या जेवायला काय करू? मला थॅडियस हवा आहे. फार हवा आहे.

पान मागच्या अंगणात, रिसायकलिंगच्या बिनवर ठेवलं होतं. सगळे उपाशीपोटी हात जोडून उभे. शेजारच्या छपरावरून कावळा कुंपणावर उतरला. मान वाकडी करून त्याने आम्हाला न्याहाळलं आणि उडी मारून बिनवर आला.

मी अनवाणी ओल्या गवतातून धावले, कावळ्याला हाकललं, आणि उडदाचा वडा उचलून खाल्ला. वर खीरही प्यायले.

"अगं, पितरांचं पान ते," सासूबाई पुटपुटल्या. एरवी 'चुकलं हं' माझ्या जिभेवर तयारच असतं. आज आलं नाही.

फोनमधून गुरुजींनी विचारलं, शिवला का? त्यांचा ब्रेक संपत आला होता.

"नाही," मी म्हणाले. "आणि मी शिवू देणार नाही. त्याला कुठेही पाठवायचं नाही."

स्वराली माझ्याकडे वळली. "आई, तू वाचते?"

"वाचते. आणि सातव्या अंकात त्याने त्या बिशपला माफ केलं, ते मला मुळीच पटलेलं नाही."