गाऱ्हाण्यात गाळलेलं नाव

निकेत यंदा तांबळवाडीकडून बॉलिंग टाकणार, ही बातमी मला घरात नाही, हिराच्या टपरीवर कळली. माझ्या मयत धाकट्या भावाचा मुलगा, भिंतीला भिंत लागून घर, आणि मला सांगतो कोण, तर आमच्या खाजणवाडी संघाचा कप्तान अजय, तोही भजी चावता चावता. माझं डोकंच फिरलं.

"तांबळवाडी?" मी म्हटलं. "गेल्या वर्षी ज्येंच्याकडे आमी फायनल हरलो, ती?"

"तीच. आजोळची सवलत घेतल्यान."

आमच्याकडे भातकापणी उरकली की मळे मोकळे होतात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. एक गाव, एक संघ. आधार कार्ड बघितल्याशिवाय मैदानात पाऊल टाकू देत नाहीत. एकच पळवाट ठेवलेली आहे, भाचा आईच्या माहेरकडून खेळू शकतो. माझी भावजय शेवंती तांबळवाडीची. मात्र पहिला बॉल ज्या गावासाठी टाकला, त्या गावाचा तो हंगामभर. मग पुढच्या डिसेंबरपर्यंत बोंबलत बसा.

"त्येंच्याकडे आदीच तो डावखुरो आसा," अजय म्हणाला. "पयल्या दोन ओव्हरी तो टाकतलो, शेवटच्यो दोन निकेत. सहा ओव्हरींच्या मॅचीत आमका रवला काय?"

"आणि आपल्याकडे कोण? तुझो मंगेश. त्याचो बॉल येयसर बॅट्समन दाढी करून घेयत."

"मगे निकेतक राखूचो होतो."

"मी राखूचो? बेइमान तो आणि राखूचो मी?"

मी बराच वेळ बोलत होतो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा वगैरे जे जे तोंडात आलं ते सगळं बोललो. टपरीवरच्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. हिरा तेवढी कढईतून नजर न काढता ऐकत होती. ही बाई प्रत्येक स्पर्धेला पुढच्या बाकावर असते आणि कुठल्या बॉलरचा पाय कुठे पडतो हे पंचांआधी सांगते.

"बाबली," ती म्हणाली, "देवळात गाऱ्हाणा घालताना त्याचा नाव कित्याक घेवक नाय?"

"इसारलंय. माणूस इसारता."

"चवदा नावां घेतलंस. पाय मोडून घरात बसलेल्या बाबूचासुद्धा घेतलंस. आणि घरातलाच तेवढा इसारलंस?"

चहाचे पैसे फळीवर ठेवले आणि उठलो.

हंगामाच्या सुरुवातीला आमचा संघ देवळात जातो. नारळ हातात घेऊन मी गाऱ्हाणं घालतो, माझ्याआधी माझा बाप घालायचा. एकेका खेळाडूचं नाव घ्यायचं, त्याला राखण मागायची, आणि प्रत्येक नावाला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ज्याचं नाव झालं नाही, तो मैदानात उतरत नाही. असा नियम कुणी लिहिलेला नाही, लिहायची गरजही नाही.

आणि मी विसरलो नव्हतो. गेल्या फायनलला शेवटच्या बॉलवर तांबळवाडीला चार हवे होते. मी सीमेवरून घसा फाडून ओरडत होतो, यॉर्कर टाक, यॉर्कर टाक. लहानपणी त्याला यॉर्कर मीच शिकवला होता, अंगणात माझी जुनी चप्पल ठेवून, चपलेवर बॉल पडेपर्यंत जेवायला सोडायचो नाही. त्या दिवशी त्याने फुलटॉस टाकला. बॉल काजूच्या झाडांत गेला. आठ महिने मी तो बॉल गिळू शकलो नाही. देवळात मंगेशचं नाव झालं, पुढे निकेतचं होतं, खांबाजवळ टोपी काखेत धरून तो हात जोडून उभा होता, आणि मी सरळ त्याच्या पुढचं नाव घेतलं.

मला वाटलं, घरी येऊन भांडेल. चार शिव्या तो देईल, आठ मी देईन, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा नारळ घेऊन जाऊ. आमच्या घरात सगळी भांडणं अशीच मिटतात. पण गाढव एक शब्द बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला होता.

टपरीवरून मी तडक शेवंतीच्या दारात गेलो. ती मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती.

"झिलाक सांग, गावाची लाज घालवलंस म्हणान."

"भावोजी, तो देवळातून इलो तो जेवलो नाय," ती म्हणाली. सुरी थांबली नाही. "माका म्हणालो, आई, माझा नाव काकान घेवक नाय. तुझ्या गावात घेतीत काय? मीच माझ्या भावाक फोन केलंय. राग काढूचो तर माझ्यार काढा."

तिथेच म्हणायला हवं होतं की चुकलं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"बॉल टाकूक येवक व्हयो," मी म्हटलं. "मगे नाव."

तिने पुढचा बांगडा उचलला. मी घरी आलो आणि बायकोवर विनाकारण ओरडलो.

रविवारी सकाळी कुणकेश्वरच्या रस्त्याला लागून असलेल्या मळ्यात पहिलीच मॅच आमची आणि तांबळवाडीची होती. मी दोन नारळ नेले. एक संघाचा, दुसरा पिशवीत. अजून एकही बॉल पडला नव्हता. निकेत दोन पावलं माझ्याकडे आला, नुसता "काका" म्हणाला, तर सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन दुसरा नारळ द्यायचा, असं मी ठरवलं होतं. दोन पावलं त्याने यायची. मी का जाऊ? मी वयाने मोठा.

तो आला नाही. लांब उभा राहून बुटाची नाडी बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता.

मग तांबळवाडीच्या म्हाताऱ्या गंगारामाने पिचजवळ नारळ धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आवाज कापरा, पण नाव एकही चुकवत नव्हता. दहा नावं झाली. त्याने थांबून श्वास घेतला.

"आणि ह्यो आमच्या शेवंतीचो झील, खाजणवाडीचो निकेत. पावणो म्हणान इलो नाय, आमचोच आसा. त्याच्या हाताक यश दी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. तीस वर्षांची सवय, नाव कानावर पडलं आणि तोंडातून निघून गेलं. आमच्याकडचे सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. हिराने डोक्यावरचा पदर सारखा केला. निकेतने टोपी काखेत धरली होती, हात जोडलेले होते, आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता. तेव्हा मी जायला हवं होतं. मी पिशवी धरून तिथेच उभा राहिलो. अंपायरने शिट्टी मारली.

आमची पहिली बॅटिंग. डावखुऱ्याला मागे ठेवून त्यांनी पहिली ओव्हर निकेतलाच दिली. पहिलाच बॉल. अजयची बॅट खाली येण्याआधी बॉल त्याच्या बुटाच्या टोकाशी पडला आणि मधला स्टंप मागे जाऊन पडला. आमची माणसं उठून ओरडायला लागली, नो बॉल, नो बॉल. अजय क्रीजवरून हलेना. असल्या वेळी अंपायरशी भांडायला आत कोण जातं हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

"काका, नो बॉल होतो मां?" तो तिथूनच ओरडला. "बोला काय तरी."

मी बाकावर बसून राहिलो. पिशवीतला नारळ पायाला लागत होता.

"बॉल बरोबर होतो," मी म्हटलं. "थयच चप्पल ठेवीत होतंय मी."