गळक्या फ्लॅटला भाडेकरू पाहिजे

माझ्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी आहे. फक्त ते नळातून येत नाही, छतातून येतं.

हा फ्लॅट मी ‘झोपेत कमवा’ नावाच्या शिबिराला जाऊन आल्यावर घेतला. एक फ्लॅट कर्जावर घ्यायचा, भाड्यातून हप्ता फेडायचा, मग त्याच्या जिवावर दुसरा घ्यायचा आणि आपण निवांत झोपायचं. पहिल्याचं बरं चाललंय. दुसरा घेतल्यापासून मला झोपच लागत नाही, त्यामुळे कमाई नेमकी कुठे अडली हे शोधावं लागलं नाही.

दुसऱ्यासाठी बँकेने जादा तारण मागितलं. माझ्याकडे तारण ठेवण्यासारखी एक सायकल होती. आत्याकडे घर होतं. बैठं, तीन खोल्यांचं, दारात लिंबाचं झाड. मी लहानाचा मोठा त्याच घरात झालो. सही करताना तिने एवढंच विचारलं, “पेन तुझं की बँकेचं?” बँकेचं म्हटल्यावर तिने ते पर्समध्ये टाकलं.

मग गच्चीतून पाणी झिरपायला लागलं. भाडेकरू सोडून गेला. जाताना छत्री विसरला. ती तो स्वयंपाकघरात वापरायचा. गच्ची नीट करायला पैसे नव्हते, गच्ची नीट नाही म्हणून नवा भाडेकरू नव्हता आणि भाडेकरू नाही म्हणून पैसे नव्हते. हप्ते थकले. बँकेने कळवलं, आता आत्याचं घर लिलावात काढू.

शेवटी एक दुसरी बँक माझं कर्ज उचलायला तयार झाली. थकबाकी मिटणार होती, हप्ता निम्म्यावर येणार होता. अट एकच, फ्लॅट भाड्याने गेलेला पाहिजे. गुरुवारी त्यांचा माणूस बघायला येणार होता.

“मग मी राहते की भाडेकरू म्हणून,” आत्या म्हणाली.

“तारणाच्या कागदांवर तुझंच नाव आहे. त्यांना कळलं तर?”

“भिंती बघणारा वेगळा असतो आणि कागद बघणारा वेगळा. मी नोकरी केलीये.”

नोकरी तिने पाणीपुरवठा खात्यात केली होती, तक्रारींच्या खिडकीवर. जन्मभर लोकांचा आरडाओरडा ऐकला, स्वतः कधी ब्र काढला नाही. हा तिचा गुण आहे असं मला गुरुवारपर्यंत वाटत होतं.

आम्ही जय्यत तयारी केली. ओलीवर रंग फासला, त्यावर कपाट सरकवलं, बादल्या बाथरूममध्ये दडवल्या. आत्याला बजावलं, “तू फक्त म्हणायचं, छान आहे. बाकी मी बोलतो.”

बँकेचा माणूस किरकोळ अंगाचा होता आणि जिना चढून आल्यामुळे सगळ्या जगावर चिडलेला होता. त्याने फ्रिज उघडला. आत बल्ब होता, बाकी काही नव्हतं.

“बाई, तुम्ही खरंच इथे राहता?”

“छान आहे,” आत्या म्हणाली.

“तसं नाही विचारलं मी.” तो माझ्याकडे वळला. “परवा एकाने सासऱ्यालाच भाडेकरू म्हणून उभं केलं होतं. सासरा मलाच विचारतोय, संडास कुठे आहे? अशा फायली मी जिन्यातच बंद करतो.” आणि त्याने पेनाला टोपण लावलं.

आत्याचं घर त्या टोपणाबरोबर चाललं होतं. ते तिनेही पाहिलं.

“राहते का म्हणजे? या इकडे!” ती एवढ्या जोरात ओरडली की मीसुद्धा गेलो. तिने कपाट ओढलं, भिंतीला बोट लावलं. पोपडा पडला, त्यामागून गिलावा आला. “हे बघा! अहो मालक, आता का तोंडात मिठाची गुळणी? किती वेळा सांगायचं तुम्हाला?”

मी गांगरलो. “करतो म्हटलं ना, काकू.”

“हेच! गेल्या वेळीही हेच म्हणालात!”

गेली वेळ नव्हतीच. तरी मला लाज वाटली.

तिने बादल्या बाहेर काढल्या. छत्री उघडून दाखवली. झोप, गुडघे, बुरशी, सगळं मांडलं. बँकेच्या माणसाने टोपण काढलं. “पटलं. भाडेकरू खरी आहे. असा संताप नाटकात येत नाही,” असं म्हणून तो लिहीत राहिला. मग टॉर्च काढून छताकडे बघत बराच वेळ लिहीत राहिला.

तो गेल्यावर आत्या कधी नव्हे ती खुललेली होती. “लोक माझ्या खिडकीवर येऊन का भांडायचे ते आज कळलं. किती हलकं वाटतं रे!”

सोमवारी फोन आला. भाडेकरूबद्दल बँकेला शंका नव्हती. शंका फ्लॅटबद्दल होती. एवढी गळती म्हणजे किंमत निम्मी आणि निम्म्या किमतीवर एवढं कर्ज बसत नाही. नकार.

आत्याला सांगायला गेलो तेव्हा ती लिंबं तोडत होती. मी हवापाण्याबद्दल बोललो, लिंबांबद्दल बोललो. मग नकाराचं सांगितलं.

“मी जास्त बोलले ना?” तिने विचारलं.

“गप्प बसली असतीस तर फाईल जिन्यातच बंद झाली असती.”

तिने हातातलं लिंबू पदराला पुसलं. “हे घर भाड्याने देता येईल का रे?”

“हे? संध्याकाळच्या आत जाईल. पण तू कुठे राहणार?”

“मला एक फ्लॅट माहितीये. मालक बावळट आहे, पण भाडं कमी करून देईल.”

मी नाही म्हणालो. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा नाही म्हणालो, आणि मग टेम्पो ठरवायला गेलो.

तिच्या घरात आता एक दातांचा डॉक्टर राहतो. त्याचं भाडं सरळ बँकेत जातं. बँकेने लिलाव पुढे ढकललाय. रद्द नाही, पुढे.

एक तारखेला मी जिना चढून गळक्या फ्लॅटवर गेलो. आत्या कॉटवर पाय वर घेऊन बसली होती, कारण खाली ओलं होतं. तिने पेन्शनमधून काढलेल्या भाड्याचं पाकीट पुढे केलं. मी ते घेतलं. हप्त्याला तेवढेच कमी पडत होते.

“गळतीचं काय?” तिने विचारलं.

“करतो.”

“गेल्या वेळीही हेच म्हणालात, मालक.”

मी हसण्यासाठी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. बादली भरत आली होती, म्हणून मी ती रिकामी करायला उठलो.