ताट घेऊन उठलेला जावई

जावई जेवणारा असावा, बाकीचे गुण मागाहून सवडीनं पाहता येतात, असं धामणगाव रेल्वेच्या लीलाबाईंचं ठाम मत होतं. आणि देवानं त्यांना जावई दिलाही तसाच. तीन वर्षांपूर्वी, लेक प्रणालीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच अधिक महिन्यात, योगेशनं त्यांच्या ओसरीवर बसून पुरणाचे तेरा धोंडे खाल्ले होते. धोंडा म्हणजे काही सुपारी नव्हे. कणकेच्या पारीत मूठभर पुरण भरून उकडायचं आणि तुपात बुडवून खायचं, असा तो भरभक्कम ऐवज. तेराव्यानंतर योगेश पंख्याखाली जो आडवा झाला तो दिवेलागणीलाच उठला. लीलाबाईंनी ही गोष्ट गल्लीत सांगितली, लग्नाकार्यांत सांगितली, एकदा बँकेच्या रांगेत अनोळखी बाईलाही सांगितली. दर खेपेला त्यात एखादा धोंडा वाढायचा, आणि आता आकडा अठरावर जाऊन पोचला होता.

अधिक महिना तीन वर्षांनी एकदाच येतो, आणि त्यात जावयाला धोंडे जेवू घालण्यासारखं पुण्य नाही. मधल्या काळात योगेश यायचा, पण उभ्या उभ्या. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे चहा घेऊन तो पुढच्या गाडीनं परत. गेल्या वर्षभरात तर तेवढंही जमलं नव्हतं. मागचा धोंड्याचा महिना श्रावणात आला होता, यंदाचा भर जेठात, उन्हानं डोकं फुटायची वेळ. तरी लीलाबाई पहाटेपासून चुलीपुढे होत्या. त्यांनी अठरांचा हिशेब धरून पुरण शिजवलं होतं.

योगेश आला तो निम्मा होऊन. पोट आत, गालफडं बसलेली, पण चेहरा मात्र टवटवीत. लीलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. तरी त्यांनी पाट मांडला, रांगोळी घातली, बत्ताशांचं ताम्हन आणि दिवा देऊन जावयाला ओवाळलं, आणि चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या पितळी ताटात धोंडे वाढले. शेजारच्या पाटावर त्यांचे यजमान भगवंतराव बसले. भगवंतराव जेवायला बसले की त्यांना आजूबाजूचं जग दिसत नसे.

योगेशनं पहिला धोंडा फोडला, तूप घेतलं, आणि खाऊ लागला तो इतका निवांत, की लीलाबाईंना वाटलं याचा दात दुखतो की काय. दुसराही तसाच. तिसरा घेऊन त्या वाकल्या, तर त्यानं ताटावर आडवा हात धरला.

"बस झालं, मामी."

आता वऱ्हाडात जावयाच्या "बस"ला कोण विचारतो? "बस" म्हणजे अजून चार वाढा. लीलाबाई हसत हसत गरम धोंडे आणायला आत गेल्या आणि बाहेर येऊन पाहतात तर पाट रिकामा! मोरीत नळ वाजत होता. जावई बाह्या वर करून उकिडवा बसला होता आणि स्वतःचं ताट घासत होता.

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि विष्णू मोरीत भांडी घासून राहिला!

"अवो," त्या नवऱ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "जवाई ताटावरून उठले!"

"रुसला असन," भगवंतराव घासामागून म्हणाले. "अंगठी पाहिजे असन त्याले. तूप आण."

"तुमाले तूप सुचून राहिलं?"

"मंग काय मीबी रुसू?"

यजमानांकडून काही उजेड पडेना. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे लीलाबाईंना कळत नव्हतं. अंगठीचं एक वेळ बघता येईल. पण पोरीच्या संसारात काही बिनसलं असेल तर? गल्लीत नाक जाईल ते जाईलच, पण पोरीचं काय? त्यांनी प्रणालीला हात धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"खरं सांग. काय झालं तुमच्यात? काहून जेवले नाई ते?"

"जेवले की! दोन खाल्ले."

"दोन? दोन तर माही मांजर खाते!"

प्रणाली हसायला लागली, आणि आईचा चेहरा पाहून थांबली. मग तिनं सगळं सांगितलं. लग्नानंतर योगेश दुपारी घरी येऊन तडस लागेस्तोवर जेवायचा आणि दुकानात जाऊन घोरायचा. गिऱ्हाईक शटर वाजवून निघून जायचं. जिना चढताना दम लागायचा. बोलून उपयोग होईना, उलट तो चिडायचा. मग तिनं एकच गोष्ट ठरवली. नाही म्हणायचं नाही, हवं तितकं वाढायचं. फक्त पहिलं ताट संपलं की ते त्यानं आधी स्वतः धुऊन आणायचं आणि मग पुन्हा मागायचं.

"मंग?"

"मंग काय, सुरुवातीले ताट आपटत जायचे, धुऊन आणायचे अन् पुन्हा पहिल्याएवढंच घ्यायचे. पुढं अर्धं घ्यायला लागले. मंग एखाद्या दिवशी ताट धुता धुता मोटारीचं काही सुचायचं, तसेच दुकानात जायचे, मांगायचं राहूनच जायचं. कधी थांबलं ते मलेबी नाई समजलं अन् त्यायलेबी नाई. आता धुणं तेवढं राहिलं. परवा लग्नात पंगतीतून ताट घेऊन उठले, वाढपी मांगं धावला!"

लीलाबाईंना हसू आलं नाही. उलट शरमच वाटली. म्हणजे पोट्टीनं जावयाला भांडी घासायला लावून उपाशी ठेवलं होतं! त्या तडक ओसरीवर गेल्या. योगेश पुसलेलं ताट हातात घेऊन ओशाळा उभा होता.

"मामी, माफ करा जी. ध्यानातच नाई राहिलं. हातच गेला."

"ते जाऊ द्या. जवाईबापू, लाजू नका. पोट भरलं काय खरंच? का आमचं काही चुकलं?"

योगेश गडबडला. मग खाली बघून म्हणाला, "खरं सांगू? मांगच्या येळी तेरा खाल्ले, पण त्याची चव कशी होती ते मले सांगता येणार नाई. निस्ते गिळले. आज समजली." तो थोडा थांबला. "पुरणात बडीशेप हाये न? भाजून, अगदी थोडी?"

लीलाबाई त्याच्या रिकाम्या पाटावर बसल्या.

बडीशेप होती. चिमूटभर, तव्यावर भाजून, कुटून घातलेली. ती त्यांच्या माहेरची, तिवशाच्या आईची रीत. आई गेली, तिवशाचं घर गेलं, बडीशेप तेवढी राहिली. पस्तीस वर्षं त्या पुरण करत होत्या. किती पंगती उठल्या, किती जणांनी ढेकर दिली, आकडे मोजले, पण यात काय आहे असं आजवर एकानंही विचारलं नव्हतं. आणि आकडे सांगत फिरणाऱ्यांत सगळ्यात पुढे आपणच होतो, हेही त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना रडू फुटलं. पदरानं डोळे टिपत त्या हसूही लागल्या, कारण इतका आनंद त्यांना अठरांनीसुद्धा झाला नव्हता.

"माह्या आईची होय ती," त्या म्हणाल्या. "हो बापा, बडीशेपच."

"तुमी दोनच वाढा, मामी, पण दरसाल वाढा. तीन वर्षं नाई थांबवत."

भगवंतराव अजून पाटावरच होते. जावई रुसला, बायको रडली, तरी ते पाचव्या धोंड्यासाठी हात पुढे करून बसले होते. लीलाबाई धोंडा घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि वाढता वाढता थांबल्या.

"आधी सांगा, यात काय हाये?"

"यात? पुरण."

"अन् पुरणात?"

भगवंतरावांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग जावयाकडे. काहीतरी आपल्यावरच शेकतंय हे त्यांना कळलं. ताटात चौथ्याचा तुकडा उरला होता, तो त्यांनी तोंडात टाकला.

"गूळ," ते म्हणाले.

प्रणाली खुदकन हसली. योगेश सांगायला पुढे झाला तसा भगवंतरावांनी त्याला हातानंच अडवलं. त्यांनी डोळे मिटले. घास तोंडात इकडून तिकडे फिरू लागला, सावकाश, आणि कपाळावर आठी चढली.

लीलाबाई म्हणाल्या, "सांगू काय?"

"थांब वं," भगवंतराव डोळे न उघडता म्हणाले. "सांगू नको. मले शोधू दे."