रॉकेलच्या नरसाळ्याने माझा घात केला

मी एक जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. नाव घेताना जीभ अडखळली ना? हरकत नाही, मित्रांनो. ज्या घरात मी राहतो तिथेही माझे नाव कोणी धड घेतले नाही. तिथे मी नुसता 'डबा'. गोठ्याचे फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवले आहे आणि एक तांबडी कोंबडी रोज माझ्यावर चढून बसते. मला तिचा राग नाही. राग कशाचा आहे, ते सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मोटारीच्या इंजिनातून निघणारा विषारी धूर स्वच्छ करून बाहेर सोडायचा, हे माझे काम. माझ्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी जाळी आहे आणि तिच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर आहे. माझ्या साध्या भावंडांची जाळी चिनी मातीची आणि बारीक भोकांची असते. माझी मात्र पोलादी पत्र्याची, मोठ्या भोकांची. धूर माझ्यात कोंडून राहत नाही, साफ होऊन झटकन पुढे जातो. म्हणून आम्हाला 'हाय-फ्लो' म्हणतात. केवढा अभिमान होता मला त्याचा! कारखान्यातून निघताना माझे एकच पथ्य सांगितले गेले. शिसे घातलेले पेट्रोल मला चालत नाही. शिसे त्या थरावर बसले की आमचे काम संपले, मग कितीही घासा. हे पथ्य माझ्या खोक्यावर छापलेही होते, लाल अक्षरांत. असो.

समुद्र ओलांडून मी १९९६ साली ठाण्यात पोचलो. खोपटला एसटी डेपोजवळ आनंदचे दुकान होते. तो परदेशी गाड्यांचे सुटे भाग विकायचा आणि बसवूनही द्यायचा. तिथे फळीवर धूळ खात असताना एके दिवशी एक उंच, दणकट माणूस आत आला. बरोबर सहावी-सातवीतली एक बारीक मुलगी होती. माणसाचे नाव काळुराम आणि मुलगी त्याची लक्ष्मी.

काळुराम डोंबिवलीजवळच्या कोपर गावचा. पूर्वी त्याची भातशेती होती आणि शर्यतीचे दोन बैल होते. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, बैलांना पळायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने बैल विकले आणि त्यांच्या गोठ्यात एक लाल जपानी स्पोर्ट्स कार आणून बांधली. 'बांधली' हाच शब्द बरोबर आहे. तो रोज सकाळी तिच्या अंगावरून हात फिरवायचा, पुढच्या काचेला गंध लावायचा आणि अंगात ऊब यावी म्हणून तिला जागच्या जागी चालू ठेवायचा. गोठ्यालगतच लक्ष्मीच्या खोलीची खिडकी होती. लक्ष्मीला दमा होता.

"गारीचा दम कोंडलाय रं," काळुराम आनंदला म्हणाला. "घाटाचा चराव आला का रडतंय नुसती. आनि धूर एवरा का पोर खोकून खोकून बेजार होतंय."

आनंदने गाडीखाली वाकून पाहिले. "काळुशेठ, ही रोटरी आहे. हिच्यात पिस्टन नाहीत, तीन कोपऱ्यांचा गड्डा आत गरगर फिरतो. पळायला एक नंबर, पण हिचा धूर भयंकर गरम असतो आणि त्यात अर्धवट जळालेलं पेट्रोलही खूप. जुना कन्व्हर्टर आतून वितळून बसलाय. नवीन घ्या."

त्याने तीन वस्तू समोर मांडल्या. एक माझे चिनी मातीचे भावंड, एक नुसता सरळ पाईप आणि मी. "पाईपने आवाज भारी येईल," आनंद म्हणाला, "पण धूर जसाच्या तसा. हा बारीक जाळीचा धूर साफ करेल, पण रोटरीच्या उष्णतेपुढे टिकेल असं वाटत नाही. आणि हा हाय-फ्लो. दोन्ही कामं करेल."

बैल निवडणारा माणूस तो! त्याने आम्हाला उचलून पाहिले, टिचकी मारली, आत डोळा लावून पाहिले. मग लक्ष्मीला म्हणाला, "फुक बगू यातून." लक्ष्मीने त्या भावंडात फुंकर मारली. तिचा श्वास आधीच तोकडा, पलीकडे काळुरामने हात धरला तर काही लागेना. मग तिने मला तोंडाशी धरले. तिची फुंकर माझ्या पोटातून सरळ निघाली आणि पलीकडे काळुरामच्या तळहाताला लागली.

"आली बग! माज्या पोरीची फुक आली!" तो केवढ्याने हसला. "योच दे मना."

मित्रांनो, माझ्यातून गेलेली पहिली हवा म्हणजे त्या मुलीचा श्वास. तेव्हाच मी मनाशी ठरवले की या मुलीला खोकू द्यायचे नाही.

आनंदने मला गाडीखाली घट्ट बसवले. कोणीतरी कापून मोठे केलेले टाकीचे तोंड पुन्हा अरुंद करून दिले, टाकीत स्वतः आणलेले बिनशिशाचे पेट्रोल भरले आणि बजावले, "काळुशेठ, यापुढे हेच. मुंबईच्या हद्दीतल्या पंपावर मिळतं. तेवढा हेलपाटा घालायचा." काळुरामने मान हलवली. ज्या माणसाचे लक्ष गाडीच्या आवाजाकडे असते, तो मान अशीच हलवतो.

ते पहिले दिवस मी कधी विसरणार नाही. सकाळी गाडी सुरू व्हायची, मी तापायचो आणि कामाला लागायचो. गोठ्यात जळका वास येईनासा झाला. लक्ष्मीची खिडकी उघडी राहू लागली. ती खिडकीत उभी राहून वेणी घालायची आणि बापाशी बोलायची. संध्याकाळी तो तिला शेजारी बसवून दुर्गाडीच्या खाडीपर्यंत नेऊन आणायचा. तिची आई शकू शेजारणीला कौतुकाने सांगायची, "डबा बसवल्यापासून पोर खोकली नाय." डबा तर डबा! नावात काय अडले होते?

मग टाकी रिकामी झाली.

काळुराम गाडी घेऊन जवळच्या पंपावर गेला. तिथल्या माणसाने नळी पुढे केली, पण ती टाकीच्या तोंडात जाईना. कशी जाईल? चुकून शिशाचे पेट्रोल पडू नये म्हणून या गाड्यांचे तोंड मुद्दाम अरुंद केलेले असते. पंपवाला म्हणाला, "शेठ, तुमच्या गाडीला बिनशिशाचं लागतं. ते इथं नाही येत. हे शिशाचं आहे."

"म्हंजे तुमच्यात शिसं हाय आनि त्याच्यातशी कारलेलं हाय?"

"तसंच समजा."

काळुरामने नळी बाजूला सारली. "आरं, साय कारलेलं दूध बैलाला पाजतं का कोनी?"

झाले! ज्याने आपल्या बैलांना अंडी आणि उडदाचे पीठ खाऊ घातले, घरच्यांच्या आधी त्यांना दूध पाजले, तो आपल्या लाडक्या गाडीला काहीतरी काढून घेतलेले पेट्रोल कसा घालणार? तो घरी गेला, शकूचे रॉकेल ओतायचे पत्र्याचे नरसाळे घेऊन आला, ते त्या अरुंद तोंडात खुपसले आणि टाकी गच्च भरली. त्याच्या डोळ्यांत माया होती, मित्रांनो. मी गाडीखालून ओरडत होतो, पण लोखंडाचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

त्यानंतर ते नरसाळे गाडीतच राहू लागले. प्रत्येक टाकीबरोबर शिशाचा एकेक पापुद्रा माझ्या जाळीवर बसत गेला. आधी मी थोडा धूर सोडू लागलो, मग अर्धा, मग सगळाच. तरी माझी भोके मोठी असल्याने गाडी पूर्वीसारखीच पळायची. गाडी पळते आहे म्हणजे डबा ठीक आहे, एवढेच काळुरामला कळायचे. लक्ष्मी पुन्हा खोकू लागली, तर म्हणे हवा बदलली!

वैशाखात काळुरामच्या पुतण्याचे, रघुचे लग्न निघाले. लक्ष्मी करवली. नवरदेव आमच्याच लाल गाडीतून जाणार, हे तर ठरलेलेच होते. वरात निघाली. पुढे बँड आणि नाचणारे पाहुणे, मागे काळुराम चालवत असलेली आमची गाडी, मुंगीच्या पावलाने. इंजिन एकसारखे चालू. माणसे दाराशी अडवून नवरदेवाला ओवाळत होती, पुन्हा नाच सुरू होत होता. धूर जायला वारा नव्हता. तो गाडीभोवतीच साचला आणि उघड्या काचांतून आत शिरला. मागच्या सीटवर लक्ष्मी कळशी मांडीवर घेऊन बसली होती. तिने आधी पदर नाकाला लावला. मग कळशी कलंडली.

"काका, लक्ष्मी बघा!" रघु ओरडला.

काळुरामने तिला उचलले आणि बँडमधून वाट काढत डॉक्टरकडे धावला. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पुष्कळ वेळाने तिचा श्वास ताळ्यावर आला. डॉक्टर म्हणाले, "हिला धुरात बसवू नका. पुढच्या वेळी उशीर झाला तर महागात पडेल."

दुसऱ्याच दिवशी काळुराम शकूला घेऊन तणतणत खोपटला आला. आनंदने मला खाली काढले, उजेडाला धरले आणि वास घेतला. "काळुशेठ, शिशाचं पेट्रोल घातलंत?"

"मंग काय पानी घालू?"

"याला शिसं म्हणजे विष. मी सांगितलं होतं तुम्हाला. त्या पेट्रोलनेच धूर वाढला. पोरीला त्रास झाला तो त्याच्यानेच."

काळुरामने मला हातात घेऊन आत डोळा लावला. त्याला कळले होते. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि मला वाटले, आता हा म्हणेल, दुसरा बसव, मी हेलपाटा घालीन. एवढेच म्हणायचे होते हो! पण भरल्या दुकानात चूक कबूल करणे त्याला शर्यत हरण्यासारखे वाटले असावे. मान वर करून तो म्हणाला, "एवरा नाजूक जिन्नस माज्या गारीला नको. सरल पाईप टाक."

"आनि पोरीचा दम?" शकूने विचारले.

"खिरकी लावंल ती."

अशी माझी नोकरी संपली. काळुरामने मला फेकले नाही, घरी आणले. वस्तू टाकवत नाही त्याला. नरसाळे आता माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगलेले असते. वर्षभरात बिनशिशाचे पेट्रोल डोंबिवलीतही मिळू लागले, पण ते कोणासाठी आणायचे?

मित्रांनो, मला कोणी छळले असते तर मी एवढा चिडलो नसतो. माझा नाश लाडाने झाला. म्हणून विनंती आहे, ज्याच्यावर माया कराल त्याला काय मानवते ते आधी विचारा आणि उत्तर आवडले नाही तरी ऐका. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे. मला काळजी माझी नाहीच.

रोज सकाळी काळुराम किल्ली घेऊन गोठ्यात येतो आणि हाक मारतो, "लक्ष्मे, खिरकी लाव गं!" खिडकी लागते, मग गाडी धडधडते. आज मात्र तो आला तेव्हा खिडकी आधीच लागलेली होती. आतून कडीही घातली होती. हाक मारायला उघडलेले तोंड त्याने मिटले. मग त्याने गाडी सुरू केली.