दाबून धरायचं

भिवाजीनं कीबोर्डवरचं आल्ट दाबलं, सोडलं. एफएन दाबलं, सोडलं. मग एफ-फोर दाबलं, तर टॅबलेटवरच्या भजनाचा आवाज तेवढा वाढला.

"बंद झालं का, बाबा?" शेजारी ठेवलेल्या बटणांच्या मोबाइलवरून देवेशनं पुण्याहून विचारलं.

"नाय. उलट जास्तच वरडतंय."

मोहोपाड्याच्या घरात भिवाजी एकटाच राहायचा. रोज संध्याकाळी व्हिडिओवर तोंड दाखवायचं, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला यायचं, असं लेकानं बजावलं होतं. कारखान्यात आयुष्यभर अॅसिड हाताळून बोटांची टोकं इतकी टणक झालेली की स्क्रीनला त्यांचा स्पर्शच कळेना, म्हणून देवेशनं कीबोर्ड जोडून दिला. बाण आणि एंटर वापरून अॅप उघडायला जमायचं, बंद करायला नाही. उघडी अॅप साठत जायची, टॅबलेट रडतखडत चालायचा आणि व्हिडिओ अडकायचा. मग रविवारी देवेश गाडी काढून यायचा, चुटकीसरशी सगळं बंद करायचा आणि जेवून परत जायचा.

"तिन्ही बटणं एकदम, बाबा. किती वेळा सांगू?"

"एकदमच दाबतोय ना रं."

"मग होत कसं नाही? आज नाही जमलं, तर रविवारी तुमची बॅग भरूनच नेतो. मला हे झेपत नाही आता."

फोन कट झाला. भिवाजीचं टाळकं सणकलं. हे धूड उचलून मागच्या परड्यात भिरकावून द्यावं, असं त्याला वाटलं. भजन मात्र जोरात चालू होतं.

त्या आवाजानं शेजारची झिनत दारात आली. भिवाजीनं तिच्यादेखत पुन्हा सगळी बटणं दाबून दाखवली.

"काका, तुम्ही आधीचं सोडून मग पुढचं दाबता."

"मग? कारखान्यात पॅनलवर दोन बटणं एकदम दाबली, तर काय व्हतं ठाव हाय का? एक दाबायचं, दिवा लागला की हात काढायचा, मगच दुसरं."

"इथं काही फुटत नाही, काका. धरून ठेवा."

भिवाजीनं आल्ट धरलं. दुसऱ्या बटणाकडे हात नेताच पहिलं बोट आपसूक वर आलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. अख्ख्या नोकरीत कधी न केलेली चूक आता मुद्दाम करायची होती. त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली आणि बोटं पांढरी पडेपर्यंत दाबून धरली. भजन थांबलं. मग बातम्या गेल्या, हवामान गेलं, क्रिकेट गेलं.

संध्याकाळी व्हिडिओ न अडखळता लागला.

"सगळं बंद केलंत?" देवेशला खरं वाटेना.

"केलं. आता तुला बॅग काय मिळायची नाय."

देवेश मनापासून हसला. "बरं, नाही नेत. राहा तिथंच. चला, म्हणजे आता दर रविवारची माझी खेप वाचली."

भिवाजीची नजर कीबोर्डवर गेली. देवेश पुढे काहीतरी सांगत होता. त्याच्या तोंडाकडे बघत भिवाजीनं आल्ट धरलं, एफएन धरलं, आणि एफ-फोर दाबलं.

लगेच मोबाइल वाजला.

"काय झालं, बाबा? दिसेनासे झालात."

"परत अडकलं रं," भिवाजी म्हणाला. "माझ्यानं काय व्हत नाय. तूच ये रविवारी."