मांजराचं पाणी

"आईला विष घालून मारलंत, आता पिल्लावर डोळा आहे का तुमचा?"

सकाळी सकाळी मी भिंतीवरून ओरडले आणि हातातलं शेणाचं घमेलं तिथंच आपटलं. पलीकडं जाऊबाई पंप हापसत होत्या. पहाटेपासून तीन वेळा भिंतीवरून डोकावल्या होत्या माझ्या ओसरीकडं.

"पिल्लू मारायला मी कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "तू आहेस की."

वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी अंगणात कंबरेएवढी भिंत घातली. पंप गेला तिकडं, गाय आली इकडं. भाऊ रानात एका बांधावर बसून गप्पा मारतात आणि घरी आले की एकमेकांना ओळख देत नाहीत. भांडायचं काम आम्हा जावांवर सोडलंय. जाऊबाईंनी पंपाला साखळी घातली, तेव्हापासून दोन वर्षं मी ओढ्यावरून पाणी वाहतेय. त्यामुळं माझ्या घरात दूध भरपूर आणि पाणी मात्र जपून जपून.

गेल्या आठवड्यात त्यांनी कोठारात उंदरांना विष घातलं. विष खाल्लेला उंदीर माझ्या मांजरीनं खाल्ला आणि ती गेली. मागं राहिलं एक पिल्लू, ओंजळीत मावेल एवढं. मला त्याचा भारी लळा. त्याला मी वाटी वाटी गाईचं दूध पाजलं. दुधात पाणी असतंच की, वेगळं कशाला पाजायचं, असं मला वाटलं. त्याला हगवण लागली तशी मी आणखी दूध पुढं केलं. आज सकाळी ते मान उचलेना.

जाऊबाईंनी हापसा सोडला आणि दुखऱ्या गुडघ्यासकट भिंत ओलांडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला बाजूला ढकलून त्यांनी पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली, वर ओढली, सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"बघ. आणि हिरड्या बघ, कशा चिकट झाल्यात. टिपूस राहिला नाही याच्या अंगात."

"पोटभर पाजलंय मी!"

"गाईचं दूध! पाजलंस त्याच्या दुप्पट खालून गेलं. आयुष्यात एक करडू वाढवलं असतंस तर कळलं असतं. पाणी आण, कोमट."

मी माठाचं झाकण काढलं. तळाला गाळ होता नुसता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्या शरमेचाही राग आला. जाऊबाईंनी माठात डोकावून पाहिलं. परत भिंत ओलांडून गेल्या आणि चुलीवरून तांब्या नि शेळ्यांच्या औषधाचा ड्रॉपर घेऊन आल्या.

"तुमचं पाणी नको मला."

"तुला कोण देतंय?"

मी पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं. फाडकन माझ्या हातावर चापट बसली.

"छातीत पाणी जाईल ना त्याच्या! पालथं धर. आण, मलाच दे."

त्यांनी ते मांडीवर घेतलं. जबड्याच्या कडेनं एक थेंब. गिळलं की दुसरा. मग थोडं थांबायचं, मग पुन्हा. आम्ही दुपारपर्यंत तशाच बसलो, पण तोंडं कुणाचीच थांबली नाहीत. बोलण्यात साखळी निघाली, भिंत निघाली, माझ्या लग्नातला त्यांचा रुसवा निघाला. भांडण ऐन रंगात आलं की त्या मध्येच "थांब" म्हणायच्या, थेंब सोडायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, काय म्हणत होतीस?"

उन्हं डोक्यावर आली तेव्हा पिल्लानं स्वतःहून ड्रॉपर चाटला. आणखी थोड्या वेळानं जाऊबाई एकदम ओरडल्या, "मुतलं! अगं, मुतलं!"

त्यांची मांडी भिजली होती. मी टाळ्या पिटल्या. त्या हसत होत्या, मग पदरानं मांडी पुसायला लागल्या.

"तुझ्यासाठी नाही केलं," त्या खाली बघत म्हणाल्या. "एक माझ्या विषानं मेली. दुसरं तुझ्या दुधानं मरायला नको."

आठवडाभर मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि त्यांच्या मांडीवरचं पिल्लू मी उचलून घेतलं. त्या उठल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर त्यांची भलीमोठी बादली काठोकाठ भरून ठेवलेली होती. मांजराला महिनाभर पुरेल एवढं पाणी.

"मांजराचं आहे ते," पलीकडून आवाज आला. "उरलं तर ओतून दे. मला काय!"

मी पिल्लाची वाटी भरली. उरलेल्यात स्वयंपाक केला, भांडी घासली, केससुद्धा धुतले. संध्याकाळी रिकामी बादली भिंतीवर दाणकन आदळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"जाऊबाई, मांजराला कमी पडलं!"